पदवीचे 3600 तास

आजोबांच्या काळातील लाल कापडी बांधणीची वही ज्या घरांत अजून जपून ठेवलेली असेल, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. आज वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पडद्यावर जे खाते शिकतो त्यात नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते. आरशात पाहावे तशा बाजू उलटल्या आहेत, हिशेब मात्र तोच आहे. लुका पाचोली या गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले, म्हणून पाश्चात्त्य जग त्याला लेखाशास्त्राचा जनक मानते. आपल्या पेढ्यांवर कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हा क्रम मुनीमजींना झोपेतही पाठ असे.

ही विद्या आपल्या घरांना परकी नाही, तरी ती घरातून हळूहळू निघून चालली आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेबाचे बरेचसे काम दुकानाबाहेर गेले. विवरणपत्र करसल्लागार भरतात, टॅलीतील नोंदी पगारी माणूस करतो आणि मालक दाखवतील तेथे सही करतात. वर्षाअखेरीस ताळेबंद हाती येतो तेव्हा नफ्याचा आकडा आणि कराची रक्कम एवढेच पाहिले जाते. स्वतःचा ताळेबंद वाचू शकणारे माणूस घरात एकही नाही, अशी कितीतरी भरभराटीची घरे आहेत. आणि त्याच घरात, द्वितीय वर्षाला असताना लग्न होऊन शिक्षण थांबलेली सून असते, किंवा बारावीनंतर वडिलांच्या शेजारी गादीवर बसलेला मुलगा असतो. घरबसल्या ऑनलाइन मिळणाऱ्या लेखाकर्माच्या पदवीचा विचार या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून करावयास हवा.

वडीलधाऱ्यांची पहिली शंका असते, ही पदवी खरी का? शंका रास्त आहे. दूरशिक्षण आपल्याकडे नवे नाही. मुंबई विद्यापीठाने ते 1971 मध्ये सुरू केले, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू 1985 मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून शिकता येते, ही आपल्या सुनांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. छापील पुस्तके आणि अभ्यासकेंद्र यांवर चालणारे दूरशिक्षण आणि संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम या दोन्हींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2020 चे विनियम आहेत. मान्यताप्राप्त संस्थेने या दोन्ही मार्गांनी दिलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी, हे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा प्रश्न पदवीच्या प्रकाराचा नाही, देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा आहे. ती मान्यता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर, त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी आणि त्या विशिष्ट सत्रासाठी पाहावी. गेल्या वर्षी मान्यता होती म्हणून यंदा असेलच असे नाही. 2024 पासून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला या विभागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक काढावा लागतो. विनियमांनुसार विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम दुसऱ्याच्या हाती ठेक्याने देता येत नाही, म्हणून ‘आमच्या क्लासमार्फत पदवी, परीक्षेची काळजी नको’ असे सांगणाऱ्याला नमस्कार करून दारातूनच परत पाठवावे. सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो, येथेही तेवढाच चोखंदळपणा हवा.

लग्नापूर्वी ज्यांची एकदोन वर्षे पूर्ण झाली आहेत त्यांनी जुन्या गुणपत्रिका आधी शोधून ठेवाव्यात. त्या वर्षांचे श्रेय नव्या विद्यापीठात धरले जाईल किंवा नाही, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

आता खऱ्या भांडवलाकडे येऊ. शुल्काची चर्चा घरोघर होते, वेळेची होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची असते. इग्नूच्या मोजणीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा 30 तासांचा अभ्यास. गुणाकार सोपा आहे, 3600 तास. तीन वर्षांच्या 156 आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला सुमारे 23 तास येतात, म्हणजे सुट्या, सणवार आणि पाहुणे धरूनही रोजचे सव्वातीन तास. हे वाचून कोणी घाबरू नये, पण ‘फावल्या वेळात करेल’ हे वाक्य तरी घरातून हद्दपार व्हावे. एकत्र कुटुंबातल्या सुनेला फावला वेळ नसतो, आणि दुकानातल्या मुलाचा जो फावला वेळ असतो तो गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतो. थेट वर्ग बहुधा सायंकाळी किंवा रविवारी ठेवलेले असतात. बाजारपेठेत तीच गर्दीची वेळ, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत स्वयंपाकघराचीही तीच घाईची वेळ. वर्गाचे मुद्रण नंतर पाहता येते हे खरे, पण त्यासाठी घराने वेळ ठरवून द्यावा लागतो. दुपारी बारा ते तीन हा वेळ ज्या घराने सुनेसाठी मोकळा ठेवला, आणि त्या वेळात आलेल्या पाहुण्यांना सासूबाईंनी स्वतः चहा दिला, तेथे पदवी पूर्ण होण्याचा संभव मोठा. शुल्क भरून वेळ न दिलेल्या घरात दुसऱ्या सत्रातच पुस्तके कपाटात जातात.

हे तास कशात जातात, तेही पाहावे. लेखाकर्म डोळ्यांनी येत नाही, हाताने येते. चित्रफितीत शिक्षकांचा ताळेबंद नेहमीच जुळतो. स्वतः सोडवायला बसले की तेरजेच्या दोन बाजूंत 270 रुपयांचा फरक निघतो आणि तो शोधण्यात संध्याकाळ होते. जुना अनुभवी मुनीम अशा वेळी फरकाला आधी 9 ने भागून पाहतो. पूर्ण भाग गेला तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो, जसे 630 च्या जागी 360. ही युक्ती त्यांच्याकडून शिकून घ्यावी. घरात असा माणूस असणे हा महाविद्यालयात बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही न मिळणारा लाभ आहे. ऑनलाइन शिक्षणात शेजारी कोणी बसलेले नसते, ही त्याची सर्वांत मोठी उणीव, आणि ती आपली घरे सहज भरून काढू शकतात.

परीक्षेविषयी एक घरगुती सूचना. सत्रान्त परीक्षेला 70 टक्क्यांचा भार असतो. ती केंद्रावर असेल तर प्रश्न नाही. घरून द्यावयाची असेल तर कॅमेऱ्यासमोर, खोलीत दुसरे कोणी नसताना द्यावी लागते. दहा माणसांच्या घरात दार लावलेली एक खोली तीन तास मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. नातू धावत आत आला तर तो निरीक्षकाच्या लेखी परका माणूसच ठरतो.

आता या शिक्षणाने घरात काय येते ते पाहू. वाणिज्याच्या अभ्यासात भागीदारीची खाती सुरुवातीलाच शिकवली जातात, आणि आपल्या कित्येक पेढ्या भावाभावांच्या भागीदारीच्याच आहेत. विद्यार्थिनी पहिल्या धड्यात शिकते की करारपत्रात काही लिहिलेले नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा सर्वांत समान वाटला जातो, मग कोणाचे भांडवल कितीही असो. भांडवलावर व्याज मिळत नाही, काम करणाऱ्या भागीदाराला पगार मिळत नाही, मात्र भांडवलाखेरीज पेढीला दिलेल्या रकमेवर द.सा.द.शे. 6 व्याज मिळते. पुढे ती शिकते की भागीदार मरण पावला आणि हिशेब न मिटवता इतरांनी व्यवसाय त्याच मालमत्तेवर चालू ठेवला तर, वेगळा करार नसल्यास, त्याच्या वारसांना त्याच्या हिश्शाच्या रकमेवर 6 टक्के व्याज किंवा त्या हिश्शामुळे झालेला नफा, यांपैकी एक मागता येते. पुस्तकात हे दहा गुणांचे उदाहरण असते. घरात ते कोणाच्या तरी धाकट्या काकूंचे आयुष्य असते. पती अकाली गेले, पेढी चालू आहे, दरमहा घरखर्चाचे पैसे मिळतात, पण पतीचे भांडवली खाते किती रकमेचे आहे हे त्यांनी कधी विचारलेले नाही, कारण कागद समोर आला तरी तो कसा वाचावा हे ठाऊक नाही. कोणाच्या मनात खोट असतेच असे नाही. बहुतेक वेळा नसतेच. परंतु वाचता न येणाऱ्याला विश्वासाखेरीज दुसरा मार्ग राहत नाही, आणि वाचता येणाऱ्याचा विश्वास अधिक टिकाऊ असतो.

रोजच्या व्यवहारातही हे शिक्षण लागलीच उपयोगी पडते. दर महिन्याच्या 14 तारखेच्या सुमारास करप्रणालीच्या संकेतस्थळावर 2-बी हे विवरण आपोआप तयार होते. माल विकणाऱ्याने आपले बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवले नसेल तर ते त्यात उतरत नाही, आणि भरलेल्या कराची वजावट आपल्याला त्या महिन्यात मिळत नाही. एक लाखाच्या मालावर 18 टक्क्यांनी 18,000 रुपये अडकले. 14 ते 20 या तारखांत खरेदीची यादी आणि हे विवरण ताडून पाहणे हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे. कापडाच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. इचलकरंजीच्या एखाद्या लहान यंत्रमागधारकाकडून माल घेतला, त्याची उद्यम नोंदणी आहे आणि लेखी करार नाही, तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार असला तरी फार तर 45 दिवसांत. मुदत चुकली आणि पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले, तर तो खर्च आयकरात या वर्षी धरला जात नाही. ‘दिवाळीला देऊ’ ही बाजाराची जुनी रीत कायद्याला ठाऊक नाही.

ही पदवी म्हणजे सनदी लेखापालाची परीक्षा नव्हे, हेही आधीच स्पष्ट असावे. लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करण्याचा अधिकार तिच्यामुळे मिळत नाही. वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण असतील तर सीएच्या फाउंडेशनऐवजी थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते, पण पुढची दोन वर्षांची आर्टिकलशिप कार्यालयात प्रत्यक्ष बसूनच करावी लागते, ती पडद्यावर होत नाही. ज्यांना घरूनच काम करावयाचे आहे त्यांच्यासाठी जवळचा मार्ग वेगळा आहे. वाणिज्य पदवीधराला जीएसटी व्यवसायी म्हणून नोंदणी करता येते आणि ठरवून दिलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर इतरांची विवरणपत्रे भरून देण्याचे काम अधिकृतपणे करता येते. तालुक्याच्या गावी पंचवीस-तीस लहान दुकानदारांचे काम हाती आले तर ती स्वतंत्र कमाई होते, आणि ती सुनेच्या स्वतःच्या नावे बँकेत जमा व्हावी, असे आम्हांस वाटते.

हे सारे मान्य करूनही पुष्कळ घरांत एक अडथळा उरतो. पुस्तकातील काल्पनिक पेढीचा ताळेबंद सुनेने सोडवला तर कौतुक होते, स्वतःच्या पेढीचा मागितला तर मात्र सर्वजण एकमेकांकडे पाहू लागतात. व्यापाराची गुपिते जपावी लागतात हे खरे. पण पगारी माणसाला जे खाते दिसते ते घरातल्या विद्यार्थ्याला दिसू नये, यामागचे कारण शोधूनही सापडत नाही. टॅलीत मालकाला प्रत्येक वापरकर्त्याला वेगळा संकेतशब्द आणि हवे तेवढेच अधिकार देता येतात. नोंद बदलण्याचा अधिकार न देता केवळ खाती पाहू देता येतात. सुरुवात खरेदीखात्यापासून करावी, सहा महिन्यांनी देणेकरी-घेणेकऱ्यांची यादी द्यावी, आणि भागीदारीचा धडा अभ्यासक्रमात येईल त्या आठवड्यात पेढीचे करारपत्र कपाटातून काढून तिच्या हाती द्यावे.