अंधाराची वर्गणी

मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्यातील गावे सायंकाळी सहाच्या सुमारासच काळोखात शिरतात. खरीप उरकलेला असतो, गहू-हरभऱ्याला पाण्याची निकड असते आणि विहिरींना अद्याप पाणी असल्यामुळे पंप पूर्ण ताकदीने चालू असतात. रोहित्रे जळण्याचा हंगामही नेमका हाच. फुलंब्री तालुक्यातील शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला ‘डीपी जळाली’ या दोन शब्दांचा जो अर्थ ठाऊक असतो, तो शहरातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंधारापेक्षा अगदी निराळा आहे. तेथे वीज किती वेळात येईल हा प्रश्न नसून, किती दिवसांत येईल हा प्रश्न असतो.

हे दिवस घरे कशी काढतात, हे पाहण्यासारखे आहे. विजेबरोबर विंधनविहिरीचे पाणी जाते, म्हणून हंडे-कळश्या बाहेर निघतात. जवळची पिठाची गिरणी त्याच तारेवर असेल तर दळण दुसऱ्या गावी न्यावे लागते. मोबाइल बाजाराच्या गावी चार्ज करून आणायचा. आंघोळीचे पाणी चुलीवर तापते; त्याबाबतीत वस्तीवरील घर शहरातील सदनिकेपेक्षा अधिक स्वावलंबी आहे. अडचण होते ती उजेडाची. पूर्वी कंदील आणि चिमणी हा हमखास आधार होता; परंतु स्वयंपाकाचा गॅस घरोघर पोहोचल्यावर बहुतेक कुटुंबांचे शिधापत्रिकेवरील रॉकेल बंद झाले. म्हणजे जुने साधन गेले आणि नवे भरवशाचे झाले नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. अभ्यासाच्या उजळणीचे महिने आणि रोहित्र जळण्याचे महिने एकच, हा योगायोग वस्तीवरील विद्यार्थ्याला महागात पडतो.

ज्याला परवडते तो इन्व्हर्टर घेतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. प्रत्यक्षात सव्वा युनिट हाती लागले तरी पुष्कळ. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे त्यावर तीस-पस्तीस तास जळू शकतील. दोन-तीन रात्री काटकसरीने निघतात. पण बॅटरी पुन्हा भरण्यास वीजच लागते. चौथ्या दिवशी इन्व्हर्टरवाल्याचे आणि कंदीलवाल्याचे घर सारखेच काळोखे असते.

येथे एक साधा हिशेब मांडावा. चार दिवे सहा तास लावले तर एक युनिटाच्या चौथाईहूनही कमी वीज लागते. पाच अश्वशक्तीचा पंप तेवढी वीज चार मिनिटांच्या आत ओढून घेतो. म्हणजे घरातील उजेडासाठी लागणारी वीज नगण्य आहे. तरीही तो उजेड पंपाच्या भाराखाली चिरडला जातो, कारण गावठाणाबाहेरच्या वस्त्यांची घरे आणि पंप पुष्कळ ठिकाणी एकाच रोहित्रावर आहेत. २००५ नंतर महाराष्ट्रात गावठाणाच्या वाहिन्या शेतीपंपांपासून वेगळ्या करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याचा लाभ गावठाणाला झाला. शेतातच घर बांधून राहणारा मात्र पंपाच्या तारेवरच राहिला.

रोहित्र जळते ते का? १०० केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे साधारणतः सतरा-अठरा पंप सुखाने चालावेत. जोडलेले व न जोडलेले मिळून त्याहून कितीतरी अधिक असतात. त्यातच कृषिपंपांचा थ्री-फेज पुरवठा वर्षानुवर्षे आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री होत आला आहे. कडाक्याच्या थंडीत, साप-बिबट्याचे भय मनात घेऊन, मध्यरात्री विहिरीवर जाणे कोणालाही नकोच असते. म्हणून शेतकरी ऑटो-स्विच बसवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. त्याच्या दृष्टीने हा निर्णय अगदी शहाणपणाचा आहे. पण शेजारच्या वीस जणांनीही तोच शहाणपणा केलेला असतो. पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो. सारे एकाच क्षणी सुरू झाले की तो भार रोहित्रावर कोसळतो, तेल तापते, वेटोळे जळते आणि वीसही जण अंधारात बसतात. कपॅसिटर बसविल्यास प्रवाह कमी होतो हे सर्वांना माहीत आहे. परंतु खर्च एकट्याचा आणि लाभ सर्वांचा असल्यामुळे तो कोणी प्रथम बसवीत नाही. २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल स्वतःवर घेतले. शेतकऱ्याला त्यातून दिलासा मिळाला हे नाकारता येणार नाही. पण जपून वापरण्यामागचे उरलेसुरले आर्थिक कारणही त्यामुळे नाहीसे झाले.

अंधाराची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २००५ ते २०१२ या भारनियमनाच्या वर्षांत वाहिन्यांचे गट वीजहानी व वसुलीनुसार पाडले गेले. जेथे हानी अधिक तेथे अंधार अधिक. हेतू समजण्याजोगा होता. पण प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या शिक्षकाचे घर चोरीच्या वाहिनीवर असेल, तर शिक्षा त्यालाही होत असे. याउलट पुण्याने २००६ साली उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज आणि मोठ्या ग्राहकांकडून जादा आकार, अशा योजनेने भारनियमनातून सुटका करून घेतली. शहराला उजेड विकत घेता आला. वस्तीला ती सोय नव्हती.

मात्र याच काळातील ‘अक्षय प्रकाश’ योजनेचे स्मरण ठेवले पाहिजे. गावाने एकमताने ठरवून सायंकाळच्या मागणीच्या तासांत पंप बंद ठेवायचे आणि त्याच्या मोबदल्यात घरांना अखंड प्रकाश मिळवायचा, असा तो सौदा होता. एकट्याचे शहाणपण जेथे तोट्यात जाते, तेथे सर्वांनी पाळलेला एक नियम फायद्याचा ठरतो, एवढेच तिने दाखविले. एका रोहित्रावरील वीस शेतकऱ्यांनी पंप पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करण्याचे ठरविणे हे त्याच सौद्याचे छोटे रूप आहे. आज रोहित्र जळाल्यावर ते आणण्या-नेण्यासाठी वस्तीवर जी वर्गणी निघते, तीच हंगामापूर्वी कपॅसिटरसाठी निघाली तर ती कितीतरी स्वस्त पडेल.

अर्थात सारा भार ग्राहकाच्या समंजसपणावर टाकून मोकळे होता येणार नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांनी ग्रामीण भागातील नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलण्याचे बंधन घातले आणि विलंबाबद्दल भरपाईही ठरविली. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी ही भरपाई आपोआप मिळावी असे तत्त्व मान्य केले. पण तक्रारीची नोंदच नसेल तर ४८ तास मोजणार कोठून? तोंडी सांगणे आणि लेखी पोच घेणे यांत फरक आहे, हे गावातील लिहित्या-वाचत्या माणसाने शेजाऱ्याला समजावून द्यायला हवे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७२ च्या खाणकामगार संपात ऐन थंडीत घरांची वीज तासन्‌तास तोडावी लागली. पण ती आळीपाळीने, आधी कळविलेल्या वेळापत्रकानुसार. आधी सांगितलेल्या अंधारात गृहिणी स्वयंपाक आटोपून घेते, विद्यार्थी पहाटे उठतो. न सांगितलेला अंधार मात्र सगळा दिवस खातो.

सौर कृषिवाहिन्यांमुळे पंपांना दिवसा वीज देणे आता शक्य होत आहे. याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगावी, २०२४ साली असा तीन मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. दिवसा वीज आली की ऑटो-स्विचचे मुख्य कारण संपते आणि सायंकाळी रोहित्र घरांसाठी मोकळे राहते. परंतु सूर्याची वीजही शेवटी त्याच डीपीतून पंपाकडे जाते; भार जास्त असेल तर ती भरदुपारीही जळेल. म्हणून दिवाळी उलटताच, गव्हाची पेरणी होत असताना, प्रत्येक उपविभागात राखीव रोहित्रे किती आहेत याची यादी गावाच्या फलकावर लागली पाहिजे, आणि प्रत्येक रोहित्रावर जोडणी किती याची मोजणी झाली पाहिजे. ही दोन्ही कामे चार दिवसांची आहेत. ती टाळली, तर पौषातले आठ दिवस अंधारात जातात.