आशेलाही पुरावा हवा

१९७६ साली इवन कॅमेरॉन आणि नोबेलविजेते लायनस पॉलिंग यांनी दावा केला, की रोज १० ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घेणारे १०० अखेरच्या अवस्थेतले कर्करुग्ण इतरांच्या चौपटीहून अधिक जगले. पण ही तुलना जुन्या नोंदींशी होती. मुळात दोन्ही गट सारखे होते, याची खात्री नव्हती. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काटेकोर चाचण्यांत फायदा दिसला नाही. तिथे औषध तोंडावाटे दिले होते, शिरेतून दिल्यास रक्तातली पातळी कितीतरी वाढते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र पातळी वाढणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. शिरेवाटे उपचारांच्या छोट्या चाचण्या आशादायक असल्या, तरी मोठा पुरावा अजून नाही. म्हणून हा प्रयोग चाचणीतच व्हावा. केमोथेरपी सोडून कधीही नको. हतबल रुग्णाला तपासलेलीच आशा मिळायला हवी.