हिकरीच्या काठीचा गोल्फ

खेळाचें साहित्य सुधारलें म्हणजे खेळहि सुधारतो, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर आजहि कांहीं खेळाडू असे आढळतात कीं, ते शंभर वर्षांपूर्वींच्या लांकडी दांड्याच्या काठ्या मुद्दाम हातीं धरतात आणि त्यांनींच गोल्फ खेळतात. अंगांत लोकरीचा कोट, गळ्याला टाय, खांद्यावर लहानशी कापडी पिशवी आणि तींत अवघ्या सहा-सात काठ्या, असा त्यांचा थाट असतो. आपला चेंडू नव्या काठीनें मारलेल्या चेंडूइतका दूर जाणार नाहीं, हें त्यांना ठाऊक असतें. तरीहि ते जुन्या साधनांकडे कां वळतात, हें समजण्यासाठीं त्या साधनांचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे.

गोल्फ हा मूळचा समुद्रकांठच्या वाळूचा खेळ. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यांची व आखूड गवताची एक पट्टी असते. तिला तेथील लोक ‘लिंक्स’ म्हणतात. या जमिनींत पीक येत नाहीं. म्हणून तीवर मेंढ्या चरत, गांवच्या बायका कपडे वाळत घालीत आणि पुरुष गोल्फ खेळत. मेंढ्यांनीं व सशांनीं गवत आखूड राखलें. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनीं वाळूंत जे खड्डे पाडले, त्यांतूनच पुढें बंकर उत्पन्न झाले, असें म्हणतात. या खेळाचें वेड इतकें वाढलें कीं, १४५७ सालीं दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत पार्लमेंटनें त्यावर बंदी घातली. कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागें लागले होते. ती बंदी फार काळ टिकली नाहीं. १७४४ सालीं एडिंबऱ्याजवळील लीथ येथें खेळाचे १३ नियम लिहिले गेले, आणि १७६४ सालीं सेंट अँड्र्यूज येथें २२ खळग्यांची फेरी १८ खळग्यांवर आणण्यांत आली. तोच आंकडा पुढें जगानें उचलला.

त्या काळचा चेंडू पिसांचा असे. चामड्याचे तुकडे शिवून त्यांची लहानशी पिशवी करीत, आणि एका बारीक भोंकांतून तींत हंसाचीं उकडलेलीं पिसें लोखंडी सळईनें ठासून भरीत. एका चेंडूला उंच इंग्रजी टोपी भरेल इतकीं पिसें लागत. चामडें आणि पिसें दोन्ही ओलीं असत. वाळतांना चामडें आकसे, पिसें फुगत आणि चेंडू दगडासारखा घट्ट होई. कारागिराला छातीचा जोर लावून सळई दाबावी लागे, पिसांची धूळ श्वासाबरोबर आंत जाई, आणि एवढी मेहनत करून दिवसाकांठीं तीन-चारच चेंडू तयार होत. त्यामुळें चेंडूची किंमत काठीच्या किंमतीलाहि मागें टाकी. पावसांत तो भिजून जड होई, आणि शिवण उसवली म्हणजे फटक्यासरशीं फुटे. १८२९ सालीं कलकत्त्यास आणि १८४२ सालीं मुंबईस गोल्फचे क्लब निघाले, तेव्हां तेथील इंग्रज आणि स्कॉच मंडळी खेळत ती याच पिसांच्या चेंडूनें.

सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा या धंद्यांतील अग्रगण्य कारागीर, आणि त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडूहि तोच. १८४४ सालीं त्याच्याकडून सुमारे २४५० चेंडू तयार होऊन बाहेर पडले. टॉम मॉरिस हा त्याच्या हाताखालीं शिकून तयार झालेला माणूस. अशा वेळीं, १८४८ च्या सुमारास, मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या गटापर्चाचे चेंडू आले. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजला विष्णूची एक मूर्ति आली आणि ती ज्या गटापर्चांत बांधली होती त्याचाच पहिला चेंडू वळला गेला, अशी एक आख्यायिका आहे. ती सिद्ध मात्र झालेली नाहीं. गटापर्चा गरम पाण्यांत मऊ होतो, त्याचा गोळा हातानें वळतां येतो, आणि चेंडू फुटला तरी तुकडे गोळा करून पुन्हां नवा करतां येतो. शिवाय तो फारच स्वस्त होता.

रॉबर्टसनला आपल्या धंद्याचा अंत समोर दिसूं लागला. हा चेंडू कधींहि वापरणार नाहीं, असें वचन त्यानें मॉरिसकडून घेतलें, असें सांगतात. पण एके दिवशीं खेळतां खेळतां मॉरिसजवळचे चेंडू संपले, आणि त्यानें सोबत्याकडून गटापर्चाचा एक चेंडू मागून घेतला. ही वार्ता रॉबर्टसनच्या कानीं गेली आणि दोघांमध्यें बेबनाव झाला. मॉरिसनें आपला मार्ग निराळा केला, व १८५१ सालीं तो प्रेस्टविकला गेला. पुढें रॉबर्टसनलाहि नवा चेंडू पत्करावा लागला. १८५८ सालीं त्यानें सेंट अँड्र्यूजची फेरी ७९ फटक्यांत पुरी केली. ८० च्या आंतील ती पहिलीच नोंद होय. गटापर्चानें एका कुशल हस्तव्यवसायाचा शेवट केला, आणि त्याच गटापर्चानें हा खेळ सामान्य माणसाच्या आवांक्यांत आणून ठेविला. या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

चेंडू बदलतांच काठीहि बदलली. पूर्वींचीं लांबट, नाजूक लांकडी डोकीं कठीण गटापर्चावर आपटून तडकूं लागलीं. तेव्हां तीं आखूड व भक्कम झालीं. लोखंडी डोक्यांचा वापर वाढला, कारण चामडें फाटण्याची भीति उरली नव्हती. दांड्यासाठीं अमेरिकेंतून येणारें हिकरीचें लांकूड सर्वांत उत्तम ठरलें. तें चिवट असतें, वांकतें पण सहसा मोडत नाहीं. मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळीत, आणि दांडा व डोकें यांचा सांधा मेण लावलेल्या दोऱ्यानें घट्ट आवळीत. या काठ्यांना अंक नव्हते, नांवें होतीं: ब्रॅसी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक.

हिकरीचा खरा गुण हा कीं, तो खेळणाऱ्याची घाई लपवूं देत नाहीं. हा दांडा वांकतो तसाच थोडा पिळलाहि जातो. हिसका देऊन काठी खालीं आणली तर डोकें मागें राहतें, त्याचा चेहरा बाजूला वळतो आणि चेंडू भलतीकडेच जातो. सावकाश, एका लयींत काठी फिरविली तर तीच काठी चेंडूला गोड फटका देते. शिवाय प्रत्येक लांकडाचा स्वभाव थोडा निराळा असल्यामुळें खेळाडूला आपली प्रत्येक काठी ओळखावी लागते. सतार वाजविणाऱ्याला स्वतःच्या सतारीची ओळख असते, तशीच ही ओळख. पोलादी दांड्यानें हें काम सोपें केलें. एकासारखा दुसरा दांडा कारखान्यांतून मिळूं लागला. सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेनें १९२९ सालीं पोलादी दांड्यांना मान्यता दिली. त्यानंतर, १९३० सालीं, बॉबी जोन्सनें ब्रिटन व अमेरिका येथील खुल्या आणि हौशी अशा चारहि स्पर्धा एकाच वर्षांत जिंकल्या, त्या मात्र हिकरीच्याच काठ्यांनीं. हिकरीच्या दिवसांची ती अखेरची मोठी शोभा ठरली.

आज एडिंबऱ्याजवळील मसलबरा येथें, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आंत असलेल्या ९ खळग्यांच्या जुन्या लिंक्सवर, हिकरीच्या काठ्या भाड्यानें मिळतात. २००५ सालापासून हिकरीची जागतिक खुली स्पर्धाहि स्कॉटलंडांत सुरू झाली. जुन्या रीतीनें खेळणारे हौशी लोक लांकडी खुंटीऐवजीं ओल्या वाळूची चिमूट ठेवून तीवर चेंडू मांडतात, आणि एकूण फटक्यांची बेरीज न करतां खळग्यागणिक जिंकलें-हरलें एवढेंच पाहतात. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खळग्याच्या वाटेंत आडवा पडला तर तो उचलावयाचा नाहीं, ही ‘स्टायमी’ची जुनी चालहि कांहीं जण हौसेनें पाळतात. नियमांतून ती १९५२ सालीं गेली.

हा केवळ जुन्याचा मोह म्हणून सोडून देतां येत नाहीं. नव्या काठ्या व चेंडू यांमुळें फटका इतका लांबला कीं, सेंट अँड्र्यूजचें जुनें मैदान २०२२ सालच्या खुल्या स्पर्धेसाठीं सुमारे ७३०० यार्डांपर्यंत ताणावें लागलें. समुद्र आणि गांव यांच्यामधल्या पट्टीला ताणण्यास मर्यादा आहे. मैदान वाढलें कीं गवताची राखण, पाणी, चालण्याचा वेळ आणि खर्च हीं सारींच वाढतात. २०२३ सालीं ब्रिटिश व अमेरिकन नियामक संस्थांनींच चेंडूच्या पल्ल्याचा नियम अधिक कडक करण्याचें जाहीर केलें. जो प्रश्न संस्थांपुढें आज उभा आहे, त्याचें एक साधें उत्तर हिकरीवाल्यांनीं आपल्यापुरतें आधींच शोधलें होतें: मैदान लांबविण्याऐवजीं काठी जुनी घ्यावी.

टॉम मॉरिसचा मुलगा धाकटा टॉम यानें १८७० सालीं प्रेस्टविकचा ५७८ यार्डांचा पहिला खळगा ३ फटक्यांत पुरा केला होता. हातीं लांकडी दांड्याची काठी, पुढें गटापर्चाचा चेंडू, आणि पायांखालीं नुसतें चरलेलें गवत. मसलबऱ्याच्या वाऱ्यांत मॅशी हातीं घेऊन उभा राहणारा आजचा खेळाडू तसा फटका मारूं शकेलच असें नाहीं. परंतु तो फटका किती अवघड होता, हें त्याला हाताला कळतें. आणि तेवढ्यासाठींच तो पुढल्या आठवड्यांत पुन्हां येतो.