पगार वाढला आणि पळापळ थांबली!

दोस्ता, समज, शाळेच्या स्नेहसंमेलनात पुऱ्यांचा बेत आहे. थोड्याथोडक्या नाहीत, पाचशे पुऱ्या! एकट्यानेच लाट्या करायच्या, लाटायच्या आणि तळायच्या म्हटलं, तर रात्रच होईल. मग कामं वाटून घ्यायची. एकजण फक्त लाट्या करणार. दुसरा फक्त लाटणार. तिसरा कढईपाशी. बघ, पुऱ्या कशा भराभर निघतात!

पण ओळख बघू, दोन तासांनी लाटणाऱ्याचं काय होईल? हात भरून येतील. पुरी, पुरी आणि नुसती पुरीच! ‘पाणी पिऊन आलो हं’ म्हणून जो जाईल, तो गुल!

अमेरिकेत अगदी हेच झालं होतं. फक्त तिथे पुऱ्या नव्हत्या, मोटारी होत्या!

डेट्रॉइट शहराला लागून हायलंड पार्क नावाचं गाव आहे. तिथे हेन्री फोर्ड यांचा मोटारींचा कारखाना होता. १९१३ साली तिथे एक भन्नाट युक्ती सुरू झाली. कामगार आपापल्या जागी उभे, आणि मोटारीचा सांगाडाच त्यांच्यासमोरून सरकत जाणार! एकाने बोल्ट घालायचा, पुढच्याने नट बसवायचा, त्याच्या पुढच्याने तो आवळायचा. पूर्वी एक सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत. आता? सुमारे दीड तास!

फोर्ड खूश. कामगार मात्र वैतागले. दिवसभर नट आवळा, उद्या पुन्हा नट आवळा! ते भराभर काम सोडू लागले.

आता एक गंमत सांगतो. कारखान्यात माणसं लागायची साधारण १४,०००. तेवढी कायम हजर ठेवायला १९१३ मध्ये किती जणांना कामावर घ्यावं लागलं असेल? वीस हजार? छे! तीस हजार? अजून वर जा! सुमारे ५२,०००! एक आला, दुसरा गेला, तिसरा आला, तोही गेला!

इतक्या सहज कसे गेले? कारण कामाचाही बाजार असतो. त्याला श्रमबाजार म्हणतात. एकजण आपला वेळ आणि मेहनत देतो, दुसरा त्याबद्दल पैसे देतो. ते पैसे म्हणजे मजुरी. डेट्रॉइटमध्ये तेव्हा कारखानेच कारखाने होते. शेजारीही तेवढीच मजुरी मिळत असेल, तर इथला वैताग कोण सोसणार?

आणि नवा माणूस आला, की पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं! आपल्या पुऱ्यांचंच बघ ना. नवा लाटणारा बसला, की आधी वाकड्यातिकड्या पुऱ्या, मग फाटक्या, आणि तोवर कढईतलं तेल नुसतं तापत राहणार. माणूस बदलण्याचा हा खर्च पटकन दिसत नाही, पण तो असतो बरं का, चांगला घसघशीत!

मग ५ जानेवारी १९१४ ला फोर्ड कंपनीने जाहीर केलं, दिवसाला पाच डॉलर देणार! आधी मिळायचे साधारण सव्वादोन ते अडीच डॉलर. म्हणजे जवळजवळ दुप्पट! वर काम नऊ तासांऐवजी आठच तास!

झालं! कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं कारखान्याच्या फाटकाशी लोटली. गर्दी इतकी हाताबाहेर गेली, की पांगवायला पाण्याचे फवारे मारले. त्या गारठ्यात! हे मला मुळीच आवडलेलं नाही.

आता खरा चमत्कार ऐक. श्रमबाजाराचा साधा नियम असा, की काम मागणारे खूप आणि कामं थोडी असतील, तर मजुरी उतरते. फाटकाबाहेर हजारो उभे आहेत. ‘तीन डॉलरवर येता का?’ विचारलं असतं, तर कितीतरी जण आनंदाने आले असते! तरी फोर्ड यांनी पाचाचे तीन केले नाहीत. का बरं? कारण त्यांना नुसती माणसं नको होती, टिकणारी माणसं हवी होती. पाच डॉलर दुसरं कोण देणार? मग हे काम सोडायचं कशाला?

युक्ती लागू पडली का? १९१३ मध्ये दर शंभर जागांमागे वर्षाला सुमारे ३७० जण काम सोडून जात. १९१५ मध्ये किती? फक्त १६ च्या आसपास! जास्त मजुरी देऊन कामच सुधारतं, या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ ‘कार्यक्षमता वेतन’ म्हणतात.

पण पाच डॉलर सगळ्यांना सरसकट मिळत नसत. कंपनीची माणसं चक्क घरी येऊन बघत. घर स्वच्छ आहे का? दारू पितोस का? पैसे साठवतोस का? पसंत पडलं, तरच पूर्ण रक्कम! आणि बायकांना तर सुरुवातीला हे पाच डॉलर मिळालेच नाहीत. नट त्याही आवळू शकल्या असत्या की!

आता पाटी-पेन्सिल घे. सरकत्या सांगाड्यामुळे मोटारी स्वस्त होत गेल्या होत्या. १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार ८५० डॉलरला होती. १९१६ मध्ये ती ३६० डॉलरवर आली. ३६० ला पाचने भाग. किती आले? ७२! बहात्तर दिवसांच्या मजुरीत अख्खी मोटार!