रस्ता खालून फुटतो

पावसाळ्यात पेठेतील डांबरी रस्त्याला भेग पडली, की तिच्या कडेने चिखलाचे ओघळ दिसतात. गाड्यांच्या चाकांना लागून तो चिखल आला असावा, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा मात्र तो रस्त्याच्या पोटातून वर आलेला असतो. भेगेतून मुरलेल्या पाण्यावर चाकाचा दाब पडतो, पाणी उसळते आणि खालची बारीक माती घेऊन बाहेर येते. असे हजारो वेळा झाले म्हणजे खाली पोकळी होते आणि रस्ता खचतो.

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीत याला आणखी एक कारण जोडले जाते. या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे आपल्यामध्ये पाणी ओढून घेतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते. अशा वरखाली होणाऱ्या जमिनीवर रस्ता टिकावा कसा? जॉन मॅकॲडम हा १८१६ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी झाला. त्याचे सांगणे साधे होते : भार अखेर जमीनच पेलते, तिला कोरडी ठेवा.

म्हणून रस्ता नव्याने बांधताना डांबराची पाळी शेवटी येते. आधी गटारे आणि गळके नळ दुरुस्त करायचे. मग जुना रस्ता उकरून काळी माती काढायची, किंवा तिच्यात थोडा चुना मिसळून तिचे फुगणे कमी करायचे. त्यावर मुरमाचे थर घालून रोलर फिरवायचा. गंमत अशी, की येथे पाणी हवेच! कोरडा मुरूम नीट दबत नाही. बेताच्या ओलीमुळे कण एकमेकांवर घसरून घट्ट बसतात. ओल जास्त झाली तर कणांची जागा पाणीच अडवते. मुरमावर खडी आणि तिच्यावर डांबर. (आपण ज्याला डांबर म्हणतो, ते आता बहुधा खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिट्युमेन असते.)

जुना रस्ता न उकरता दरवेळी वर नवा थर चढवला, तर रस्ता घरांच्या उंबऱ्यांपेक्षा उंच होतो आणि पावसाचे पाणी थेट घरात शिरते. खर्च वाचल्याचा आनंद पहिल्या पावसापर्यंतच टिकतो.

रस्त्याला मधोमध फुगवटाही हवा. ५० ला १ असा उतार धरला, तर ६ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंच येतो. तुमच्या गल्लीतील रस्त्याच्या मध्यावर बादलीभर पाणी ओता. ते गटाराकडे धावते, की तिथेच साचते?