आर्चीनंतरची रिंकू

रिंकू राजगुरू. जन्म ३ जून २००१, अकलूज, ता. माळशिरस, जि. सोलापूर. मुंबईची चित्रनगरी अकलूजच्या पोरीला परकीच होती. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी ‘सैराट’साठी निवडलं तेव्हा ती सातवीत होती. चित्रपट आधी बर्लिन महोत्सवात गेला, मग २९ एप्रिल २०१६ला आपल्याकडं लागला. बुलेट आणि ट्रॅक्टर हाकणारी तिची आर्ची घराघरांत पोचली. तोवर राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकूच्या नावाची विशेष दखल घेतली गेली होती.

प्रसिद्धीची किंमत शाळेनं मोजली. गर्दीमुळं वर्गात बसणं अवघड झालं, म्हणून २०१७ची दहावी तिनं बाहेरून दिली.

पुढं ‘मनसु मल्लिगे’ (‘सैराट’चाच कन्नड अवतार, २०१७), मकरंद मानेंचा ‘कागर’ (२०१९), ‘मेकअप’ (२०२०). छोट्या पडद्यावर ती आली ती वेबमालिकेतून: ‘हंड्रेड’मध्ये (२०२०) समोर लारा दत्ता. त्यानंतर ‘२०० हल्ला हो’ (२०२१) आणि ‘झिम्मा २’ (२०२३).

आमच्या मते तिचं सर्वांत दुर्लक्षित काम ‘झुंड’मधलं (२०२२). चित्रपट अमिताभ बच्चन यांचा, तिच्या वाट्याला प्रसंग मोजकेच. फुटबॉलसाठी परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी ओळखीचा कागद हवा. त्या कागदामागं बापाबरोबर वणवण फिरणारी आदिवासी मुलगी तिनं जवळपास न बोलता उभी केली. आर्चीचा तोरा तिथं औषधालाही नाही.