घरच्या बिअरचा पहिला घाणा

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये कायद्यावर सही केली आणि अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली. नवशिक्याचा घाणा तिथे साधारण ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. माल्टचा अर्क पाण्यात विरघळवून हॉप्ससह तासभर उकळायचा आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास निववून मगच यीस्ट घालायचं. कढत द्रावणात ते मरतं.

घाणा नासतो तो बहुतेकदा अस्वच्छतेपायी. उकळी थांबल्यानंतर द्रावणाला लागणारी प्रत्येक वस्तू, अगदी चमचा आणि नळीसुद्धा, जंतुनाशकातून काढलेली हवी. इथे जराही कसूर नको.

एक-दोन दिवसांत वर फेसाचा जाड थर चढतो, बुडबुडे सुटू लागतात. ते थांबले म्हणजे बिअर तयार झाली, असं समजू नये. सुरुवातीला १.०५० दाखवणारा, द्रावणाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०१०च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथेच टिकला, तरच मोजून साखर घालून बाटल्या भराव्यात. घाई केली तर आत वायू कोंडून बाटल्या फुटतात, काचा उडतात.

महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे.